लॅपटॉपला एचडीएमआय पोर्ट एकच आणि मॉनिटर दोन: जोडणी कशी करावी?

खतावणी

नमस्कार मंडळी. मी सांगलीत करसल्लागार म्हणून काम करतो. महिन्याची २० तारीख जवळ आली की माझ्यासमोर एकाच वेळी तीन खिडक्या उघड्या लागतात: टॅलीतले खरेदी रजिस्टर, जीएसटी पोर्टलवरचे २बी (विक्रेत्यांनी भरलेल्या बिलांचे विवरण) आणि क्लायंटने पाठवलेल्या बिलांची पीडीएफ. लॅपटॉपच्या १५.६ इंची पडद्यावर हे सगळे एकदम मावत नाही, आणि ऑल्ट-टॅब करता करता एखादे बिल नजरेतून निसटले की ताळा जुळत नाही. म्हणून २४ इंची दोन मॉनिटर आणले. त्यांतला एक नवा आहे, दुसरा ओळखीतल्या कार्यालयातून जुना मिळाला.

अडचण अशी की लॅपटॉपला एचडीएमआयचे पोर्ट एकच आहे. दुकानदाराने ‘एकाचे दोन करून देतो’ म्हणून साडेसातशे रुपयांना एक स्प्लिटर दिला. घरी येऊन जोडला तर दोन्ही मॉनिटर लगेच लागले, पण दोन्हींवर चित्र एकच! सेटिंगमध्ये ‘एक्स्टेंड’ निवडले तर लॅपटॉपचा पडदा तेवढा वेगळा होतो, हे दोघे मात्र जुळ्या भावांसारखे एकच दाखवत राहतात. स्प्लिटर सदोष आहे की माझे काही चुकते आहे?

तारजोड

स्प्लिटर सदोष नाही आणि तुमचेही काही चुकलेले नाही. दुकानदाराने तुम्हाला जी वस्तू दिली तिचे कामच ते आहे.

प्रत्येक मॉनिटरमध्ये एक इवलीशी मेमरी असते आणि त्या मॉनिटरचे नाव, त्याला झेपणारी रिझोल्युशने वगैरे माहिती तीत साठवलेली असते. तिला ईडीआयडी म्हणतात. केबल लागताच संगणक ती माहिती वाचतो आणि त्या मॉनिटरसाठी चित्र तयार करू लागतो. स्प्लिटर संगणकापुढे अशी एकच माहिती ठेवतो, त्यामुळे संगणकाच्या लेखी केबलच्या पलीकडे मॉनिटर एकच आहे. त्याने पाठवलेले एकमेव चित्र स्प्लिटर दोन तोंडांतून बाहेर काढतो. हॉटेलात दोन भिंतींवरच्या टीव्हींवर एकच सामना दाखवायचा असेल तर ही वस्तू उत्तम आहे, तुमच्या कामासाठी ती निरुपयोगी आहे.

खात्री करायची असेल तर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन ‘आयडेंटिफाय’ हे बटण दाबून पाहा. लॅपटॉपवर १ हा आकडा उमटेल आणि दोन्ही मॉनिटरांवर २ उमटेल. ज्या दिवशी तुमच्या टेबलावर १, २ आणि ३ असे तीन आकडे दिसतील त्या दिवशी जोडणी झाली असे समजा.

पुढचे सांगण्यापूर्वी तीन गोष्टी कळवाव्यात. प्रोसेसर कोणता आहे, लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट असल्यास त्याच्या शेजारी कोणते चिन्ह छापले आहे, आणि दोन्ही मॉनिटरांच्या पाठीमागे कोणकोणती पोर्ट आहेत?

खतावणी

‘आयडेंटिफाय’ दाबले आणि दोन्हींवर २ आला. दोन मिनिटे नुसता बघत बसलो.

प्रोसेसर इंटेल आय५-११३५जी७ आहे. टाइप-सी पोर्ट एक आहे आणि त्याच्या शेजारी त्रिशूळासारखी यूएसबीची खूण व ‘एसएस’ ही अक्षरे आहेत, बाकी काही नाही. साधी यूएसबी पोर्ट दोन आहेत. त्यांतल्या एकात डिजिटल सहीचे टोकन कायम लावलेले असते आणि दुसऱ्यात माउस. नव्या मॉनिटरला एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट आहे, जुन्याला एचडीएमआय आणि व्हीजीए.

घाटमाथा

एवढा विचार कशाला करायचा? टाइप-सी ते एचडीएमआय असे चिमुकले अडॅप्टर मिळते. मी दोन वर्षे तेच वापरतो आहे. एक मॉनिटर एचडीएमआयला आणि दुसरा टाइप-सीला लावला की काम झाले, कोणताही ड्रायव्हर लागत नाही.

तारजोड

घाटमाथा, तुमच्या लॅपटॉपवर ते चालते याचा अर्थ तुमच्या टाइप-सी पोर्टातून चित्र बाहेर पडते. प्रत्येक टाइप-सी पोर्टातून पडतेच असे नाही, आणि या विषयात सर्वाधिक पैसे इथेच वाया जातात.

टाइप-सी हे फक्त खाचेच्या आकाराचे नाव आहे. त्या खाचेमागे काय जोडायचे हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. काही पोर्टांत केवळ डेटा जातो, काहींत डेटा आणि चार्जिंग, तर काहींत त्यांच्या जोडीला डिस्प्लेपोर्टचे चित्रही पाठवता येते. या शेवटच्या सोयीला ‘ऑल्ट मोड’ म्हणतात. टाइप-सी ते एचडीएमआय अडॅप्टर केवळ या ऑल्ट मोडवर चालते, कारण ते स्वतः चित्र तयार करत नाही, पोर्टातून आलेले डिस्प्लेपोर्टचे चित्र एचडीएमआयमध्ये बदलून देते. पोर्टातून चित्रच आले नाही तर ते बिचारे काय बदलणार?

पोर्टाशेजारी ‘डी’च्या पोटात ‘पी’ अशी खूण असेल किंवा थंडरबोल्ट या जलद जोडणीचा विजेसारखा बाण असेल तर चित्र मिळते. मात्र बॅटरीच्या चित्रातली वीज ही चार्जिंगची खूण असते, तिला थंडरबोल्ट समजू नये. नुसते ‘एसएस’ म्हणजे जलद यूएसबी, एवढाच अर्थ होतो. काही कंपन्या सोय असूनही खूण छापत नाहीत, म्हणून अखेरचा निवाडा लॅपटॉपच्या माहितीपुस्तिकेचा. खतावणी, तुमच्या लॅपटॉपच्या तळाशी असलेल्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर पुस्तिका शोधा आणि टाइप-सीच्या वर्णनात ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द आहे का ते पाहा. त्याआधी एक रुपयाही खर्च करू नका.

प्रोसेसरच्या बाजूने मात्र तुम्ही निर्धास्त राहा. पोर्ट किती आहेत हा एक प्रश्न आणि ग्राफिक्सचा भाग एका वेळी किती वेगळी चित्रे तयार करू शकतो हा दुसरा. इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतच्या अंगभूत ग्राफिक्समधून सहसा तीन चित्रे निघतात आणि त्यांत लॅपटॉपचा स्वतःचा पडदाही मोजायचा असतो. तुमच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये ही संख्या चार आहे. तुम्हाला हवीत तीन, तेव्हा अडले आहे ते फक्त वाटेपाशी.

खतावणी

पुस्तिका सापडली. टाइप-सीच्या पुढे ‘फक्त डेटा’ असे स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे ती वाट बंद.

एक शंका अशी की नव्या मॉनिटरला डिस्प्लेपोर्ट आहे, मग लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून डिस्प्लेपोर्टला जाणारी केबल घेतली तर काही फायदा होईल का? बाजारात अशी केबल दिसते.

तारजोड

नाही. बाजारात दिसते ती बहुतेक वेळा डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे जाणारी असते. संगणकाकडे डिस्प्लेपोर्ट आणि मॉनिटरकडे एचडीएमआय असेल तरच ती चालते, उलटी लावली तर पडदा काळाच राहतो. उलट्या दिशेसाठी वेगळा कन्व्हर्टर लागतो आणि त्याला बहुधा यूएसबीतून वीजही द्यावी लागते. शिवाय तुमची अडचण मॉनिटरच्या बाजूची नाहीच, लॅपटॉपमधून दुसरे चित्र बाहेर काढायचे कुठून ही आहे.

आता उरतो तो डिस्प्लेलिंकचा मार्ग. यात यूएसबीला लावायचे एक अडॅप्टर असते आणि त्यात डिस्प्लेलिंकची चिप असते. लॅपटॉपवर बसवलेला ड्रायव्हर पडद्यावरचे चित्र दाबून लहान करतो, साध्या डेटासारखे यूएसबीतून पाठवतो आणि अडॅप्टरमधली चिप ते उलगडून मॉनिटरला देते. त्यामुळे पोर्टाला ऑल्ट मोड असण्याची गरज पडत नाही, साधे यूएसबी ३.० पुरते. खाचेतली जीभ निळी असेल तर ते पोर्ट सहसा ३.० असते.

याची किंमत प्रोसेसर मोजतो. चित्र दाबण्याचे काम त्याच्याकडे असल्याने पडद्यावर जितकी हालचाल अधिक तितका त्याच्यावर भार अधिक. टॅलीचे रजिस्टर किंवा पीडीएफ तासन्‌तास स्थिर असते, तिथे फरक जाणवणारही नाही. व्हिडिओ कॉल किंवा सिनेमा मात्र एचडीएमआयवरच्या मॉनिटरवर ठेवावा. खेळ खेळणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

खरेदी करताना वर्णनात डिस्प्लेलिंक हा शब्द आहे याची खात्री करा. दिसायला अगदी सारखी असलेली काही स्वस्त यूएसबी ते एचडीएमआय अडॅप्टरे वेगळ्या चिपांवर चालतात. त्यांतली काही लावल्यावर एक छोटी ड्राइव्ह उघडते आणि तिच्यातून ड्रायव्हर चढवावा लागतो. विंडोजची नवी आवृत्ती आली की तो चालेल की नाही हे त्या निर्मात्याच्या मर्जीवर राहते. ज्या यंत्रावर डिजिटल सहीचे टोकन लावता त्यावर अनोळखी ठिकाणचा ड्रायव्हर मी तरी चढवणार नाही.

अर्धविराम

विषय निघालाच आहे म्हणून माझा प्रश्न याच धाग्यात विचारते. मी अनुवादक आहे आणि माझ्याकडे एम१ चिपचे मॅकबुक एअर आहे. दोन एचडीएमआय असलेला टाइप-सी हब ऑनलाइन मागवला, कारण वर्णनात ‘दोन मॉनिटर, दोन वेगळी चित्रे’ असे लिहिले होते. माझ्याकडे दोन्हींवर एकच चित्र येते. तोच हब भावाच्या विंडोज लॅपटॉपला लावला तर दोन्हींवर वेगवेगळे चित्र आले! मग हबमध्ये दोष आहे असे तरी कसे म्हणावे?

निवांत

अर्धविराम, हब ठीक आहे. तुमच्या वाटेत दोन वेगवेगळ्या मर्यादा एकदम आल्या आहेत.

पहिली मर्यादा अशी. डिस्प्लेपोर्टच्या १.२ या आवृत्तीपासून एका केबलमधून अनेक मॉनिटरांची वेगवेगळी चित्रे पाठवता येतात, त्या पद्धतीला एमएसटी म्हणतात. तुमचा हब त्याच पद्धतीने एकाचे दोन करतो. विंडोजला ही पद्धत समजते. मॅकची प्रणाली मात्र तिचा वापर स्वतंत्र मॉनिटरांसाठी करत नाही, म्हणून तुम्हाला दोन्हींवर एकच चित्र मिळते. हबच्या वर्णनात तळाशी बारीक अक्षरांत ‘मॅकवर फक्त मिरर’ असे बहुधा लिहिलेले असेल, एकदा तपासून पाहा.

दुसरी मर्यादा चिपची. एम१ आणि एम२ चिपांचे मॅकबुक एअर बाहेरचा एकच मॉनिटर चालवू शकते. एम३च्या एअरला बाहेरचे दोन जोडता येतात, पण झाकण मिटलेले असेल तर. एम४च्या एअरपासून झाकण उघडे ठेवूनही दोन चालतात. प्रो आणि मॅक्स या मोठ्या चिपांचा हिशेब वेगळा आहे. म्हणजे टाइप-सीच्या दोन्ही खाचांना स्वतंत्र केबली लावल्या तरी तुमच्याकडे दुसरा मॉनिटर लागणार नाही. तुम्हालाही डिस्प्लेलिंकच घ्यावे लागेल, कारण ते चिपच्या चित्रांच्या मोजणीत येत नाही. मॅकवर त्याचे सॉफ्टवेअर ‘स्क्रीन रेकॉर्डिंग’ची परवानगी मागते, कारण पडदा वाचल्याशिवाय त्याला चित्र पाठवता येत नाही. ते पाहून घाबरू नका. मात्र या परवानगीमुळे संरक्षित चित्रपट दाखवणाऱ्या सेवांचे चित्र काळे येऊ शकते.

अर्धविराम

पटले. बारीक अक्षरे पाहिली आणि ती खरोखरच होती, सातव्या छायाचित्राच्या कोपऱ्यात, पांढऱ्यावर राखाडी. हब परत पाठवते आहे. जाता जाता एक शंका विचारते. भावाचा ४के मॉनिटर या हबला लावला तेव्हा माउसचा बाण अडखळत सरकत होता, त्याचे कारण काय?

निवांत

ते ३० हर्ट्‌झ असणार, म्हणजे चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलत असणार. याचा हिशेब मांडून दाखवतो, कारण तो एकदा कळला की कोणत्याही हबचे वर्णन वाचता येते.

१०८०पी चित्र म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, पण प्रत्यक्षात केबलमधून कडेची मोकळी जागाही धरून २२०० गुणिले ११२५ इतके पाठवले जातात. सेकंदाला ६० वेळा म्हणजे १४ कोटी ८५ लाख ठिपके होतात आणि प्रत्येकाचे २४ बिट धरले तर सेकंदाला सुमारे ३.५६ गिगाबिट. याच रीतीने ४केसाठी, म्हणजे १०८०पीच्या चौपट ठिपक्यांसाठी, ६० हर्ट्‌झने मोकळ्या जागेची काटकसर केली तरी १२.८ गिगाबिट लागतात.

आता केबलची बाजू पाहू. डिस्प्लेपोर्ट १.२च्या चार मार्गिकांतून मिळून १७.२८ गिगाबिट चित्र जाते. परंतु टाइप-सी हबमध्ये जलद यूएसबी पोर्टही असतील तर चारपैकी दोन मार्गिका यूएसबीला द्याव्या लागतात आणि चित्रासाठी ८.६४ उरतात. त्यात १०८०पीचे दोन मॉनिटर आरामात बसतात, तिसरा बसत नाही. ४के मात्र ६० हर्ट्‌झने बसतच नाही, म्हणून संगणक मुकाट ३० वर उतरतो आणि बाण अडखळतो. हबमधले किंवा लॅपटॉपमधले एचडीएमआय १.४चे असेल तरीही हेच होते, कारण ४के, ६० हर्ट्‌झ एचडीएमआयमध्ये २.० आवृत्तीपासून आले. डिस्प्लेपोर्ट १.४ असलेल्या नव्या लॅपटॉपवर मार्गिका दोनच असल्या तरी वेग वाढलेला असल्याने ही अडचण बरीच कमी होते.

खतावणींना यातले काही करायचे नाही, त्यांचे दोन्ही मॉनिटर १०८०पी असणार.

देवराई

आमच्या पतसंस्थेत डेस्कटॉप आहेत, त्यामुळे प्रश्न थोडा निराळा आहे. मदरबोर्डला एक व्हीजीए आणि एक एचडीएमआय अशी दोन पोर्ट आहेत आणि दोन मॉनिटर त्यावर वेगवेगळे चालतात. तिसऱ्यासाठी ग्राफिक्स कार्ड बसवले, तर कार्डावरचा मॉनिटर लागला पण मदरबोर्डवरचे दोन्ही बंद पडले. तंत्रज्ञ म्हणाला, मदरबोर्डची पोर्ट जळाली. एकदम दोन्ही?

तारजोड

जळालेली नसावीत. कार्ड बसवले की अनेक मदरबोर्ड आपले अंगभूत ग्राफिक्स आपणहून बंद करतात. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जा आणि ‘आयजीपीयू मल्टी-मॉनिटर’ किंवा तशाच नावाचा पर्याय शोधून तो सुरू करा. मग दोन्हीकडची पोर्ट एकदम चालतात.

मात्र प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल, उदाहरणार्थ १२४००एफ, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नसतेच आणि मदरबोर्डची ती पोर्ट केवळ शोभेची असतात. तुमचे दोन मॉनिटर आधी त्यावर चालत होते, म्हणजे तुमचा प्रोसेसर तसा नाही.

देवराई

तो पर्याय ‘डिसेबल्ड’ होता. सुरू केला आणि तिन्ही मॉनिटर लागले. तंत्रज्ञाने नव्या मदरबोर्डाचे दरपत्रक दिले होते, ते फाइलमध्ये ठेवून दिले आहे.

खतावणी

आठ दिवसांनी लिहितो आहे. डिस्प्लेलिंकचे एकच एचडीएमआय असलेले अडॅप्टर आणले आणि निळ्या जिभेच्या यूएसबी पोर्टात लावले. विंडोजने इंटरनेटवरून ड्रायव्हर आपोआप उतरवला. मध्येच पडदा एकदा काळा होऊन परत आला, तेव्हा काळजात धस्स झाले. ‘आयडेंटिफाय’ दाबले आणि टेबलावर १, २, ३ उमटले.

नवा मॉनिटर थेट एचडीएमआयवर आहे आणि त्यावर पोर्टल असते, जुना डिस्प्लेलिंकवर आहे आणि त्यावर टॅली असते. पीडीएफ लॅपटॉपच्या पडद्यावर ठेवतो. टोकन आणि माउस यांच्यासाठी टाइप-सीला लागणारा एक साधा यूएसबी हब घेतला, म्हणजे ते ‘फक्त डेटा’वाले पोर्टही कामाला लागले. काल जवळपास सव्वातीनशे बिले २बीशी ताडून पाहिली आणि एकदाही ऑल्ट-टॅब करावे लागले नाही.

दोन बारीक तक्रारी आहेत. माउस उजवीकडे नेला तर तो डावीकडच्या मॉनिटरवर उगवतो. आणि माझ्याकडच्या एका जुन्या प्रोग्रॅमची खिडकी लॅपटॉपवरून मोठ्या मॉनिटरवर ओढली की अक्षरे भुरकट दिसतात.

तारजोड

पहिलीवर उपाय सोपा आहे. डिस्प्ले सेटिंगमध्ये १, २, ३ अशा चौकटी दिसतात, त्या माउसने ओढून टेबलावर मॉनिटर ज्या क्रमाने मांडले आहेत त्याच क्रमाने ठेवा. वरच्या कडाही जुळवा, नाहीतर बाण सीमेवर अडकतो.

दुसरीचे कारण असे की लॅपटॉपचा पडदा लहान असल्याने विंडोज तिथे सगळे १२५ टक्के मोठे करून दाखवते आणि २४ इंची मॉनिटरवर १०० टक्के. जुन्या प्रोग्रॅमांना हा बदल चालू असताना पेलत नाही. त्या प्रोग्रॅमच्या आयकॉनवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज, मग कम्पॅटिबिलिटी, मग ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ इथे जाऊन खालचा ओव्हरराइडचा पर्याय निवडून पाहा. जमले नाही तर लॅपटॉपचे प्रमाणही १०० टक्के करा, अक्षरे थोडी बारीक होतील एवढेच.

घाटमाथा

माझ्या लॅपटॉपची पुस्तिका आज पहिल्यांदा उघडली. टाइप-सीपुढे डिस्प्लेपोर्ट १.४ लिहिले आहे. माझा आधीचा सल्ला माझ्यापुरताच खरा होता, हे मान्य करतो. खतावणी, लॅपटॉप मिटून ठेवला तर दोन्ही मॉनिटर चालू राहतात का?

खतावणी

राहतात. पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण मिटल्यावर ‘डू नथिंग’ असे निवडावे लागले. पण पीडीएफ लॅपटॉपच्या पडद्यावर असते, म्हणून मी तो उघडाच ठेवतो. भुरकट अक्षरांचा उपाय ओव्हरराइडने झाला, प्रमाण बदलावे लागले नाही.